बामाचं शुद्धिपत्र

चौतीस वर्षं मी छापखान्यात प्रुफं तपासली. या चौतीस वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही पुस्तकाला शुद्धिपत्र जोडावं लागलं नाही. नवी ओळख झाली की पहिल्या पाच मिनिटांत मी हे सांगते, आणि समोरच्याला शुद्धिपत्र म्हणजे काय ते ठाऊक नसेल तर तेही सांगते. पुस्तक छापून झाल्यावर चुका सापडल्या की शेवटी एक चिठोरं चिकटवतात, अमुक पानावर अमुकऐवजी अमुक वाचावे. छापखान्याने चारचौघांत स्वतःचेच कान पकडायचे. आमच्यावर ती पाळी आली नाही, कारण तिथे मी होते. याला कोणी गर्व म्हणत असेल तर खुशाल म्हणो. माझा मुलगा म्हणतोच.

निवृत्त झाले आणि डोळ्यांना काम उरलं नाही. मग मी दुकानांच्या पाट्या वाचू लागले, औषधांच्या वेष्टनांवरची बारीक अक्षरं वाचू लागले. शेजाऱ्यांनी दिलेली लग्नपत्रिका लाल पेनाने सुधारून परत पाठवली, तेव्हा मुलाने माझ्यापुढे हातच जोडले. "आई, तुझ्यासाठी काहीतरी काम शोधायला हवं, नाहीतर गल्लीत आपल्याशी कोणी बोलणार नाही."

काम सुनेने दिलं. माझी सून किडे मोजते. म्हणजे तिचा हुद्दा बराच लांबलचक आहे, शेतीच्या संशोधन केंद्रात ती नोकरीला आहे, पण सोप्या भाषेत सांगायचं तर किडे मोजते. तेही पिकाची नासाडी करणारे नव्हेत, त्यांना खाणारे. मित्रकिडे म्हणतात त्यांना. कोबीच्या पानामागे मावा चिकटतो, रस पितो आणि गड्डा पोसू देत नाही. हे मित्रकिडे तो मावा फस्त करतात. शेतकऱ्याला मावा दिसतो, मित्र दिसत नाहीत. मग तो फवारा मारतो आणि त्यात शत्रूबरोबर मित्रही मरतात. मळ्यात मित्र किती आहेत हे आधी कळलं तर फवारा मारायचा की हात आवरायचा, हे ठरवता येतं. सूनबाई गेली तीन वर्षं यातच डोकं घालून बसली होती.

तिची युक्ती मला फार आवडली होती. मळ्यात खांब रोवायचे, त्यांवर पिवळ्या चिकट पट्ट्या टांगायच्या आणि शेजारी वासाची एक पुडी. कोबीला मावा लागला की कोबीचं झाड एक वास सोडतं म्हणे, आणि त्या वासावर मित्रकिडे धावून येतात. तोच वास तिने पुडीत भरला होता. रंग त्यांना लांबून बोलावतो, वास जवळ आणतो. आठवड्याने पट्टी काढायची आणि चिकटलेले मोजायचे. मोजण्यासाठी काही जीव जातात हे मला पहिल्यांदा खटकलं. सून म्हणाली, "आई, एका फवाऱ्यात जातात त्याच्या पासंगालाही हे पुरत नाहीत." मग मी भिंग उचललं.

जेवणाच्या टेबलावर, खिडकीकडे तोंड करून, मी पट्ट्या मोजू लागले. पट्टीच्या मागे खांबाचा नंबर, त्यावर कागद चिकटवलेला. कुठली पट्टी वासाची, कुठली बिनवासाची, हे मोजणाऱ्याला कळता कामा नये असा नियम. किड्यांची नावं माझ्या जिभेवर बसेनात, म्हणून मी माझी नावं ठेवली. लांब हिरवट अंगाचे, जाळीदार पंखांचे ते काने. पाठीवर ठिपके असलेले ढालकिडे ते विसर्ग. हवेत एका जागी थरथरत उभ्या राहणाऱ्या पट्टेरी माश्या ती उद्गारचिन्हं. आणि माव्याच्या पोटात अंडी घालणारी, भिंगाखालीही टिंबाएवढीच दिसणारी माशी, ती अनुस्वार. केंद्रातल्या पोरांना ती दिसतच नसे. धूळ समजून सोडून देत. माझ्या नजरेतून अनुस्वार सुटत नाही.

"एकशे बारा काने, नऊ विसर्ग, चौतीस अनुस्वार," मी सांगायचे आणि सून निमूटपणे त्यांची खरी नावं लिहून घ्यायची. महिन्याभरात केंद्रातही अनुस्वार म्हणू लागले, असं तिनेच मला सांगितलं. त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

चौथ्या आठवड्यात तिची मदतनीस दुसरीकडे नोकरी लागली म्हणून निघून गेली. चोवीस खांब होते, बारा पुडीचे, बारा बिनपुडीचे. पुडी हाताळलेल्या हातांनी बिनपुडीच्या पट्टीला शिवायचं नाही, नाहीतर वास लागतो. म्हणजे दोन माणसं हवीतच.

"मी येते की," मी म्हटलं.

"तुमचे गुडघे?"

"गुडघ्यांना मी विचारते."

गुडघे गेली सहा वर्षं माझ्याशी भांडताहेत. सकाळी एकदा आणि अधूनमधून जेव्हा कुरकुर करतील तेव्हा मी त्यांना बाम चोळते. पिशवीत डबी असतेच. सून रोज पुड्यांच्या वासात बुडून घरी येते आणि मी बामात बुडून घरात बसलेली. मुलगा दारातून आत आला की नाक मुरडायचा. "दोन बायका, आणि घरात वास मात्र एकच!" आम्ही दोघी हसायचो. घरात जो वास आहे तो आपल्या बामाचा, असं मला वाटायचं. तिला वाटायचं तो तिच्या कपड्यांचा. एकीनेही दुसरीला विचारलं नाही.

तर मी मळ्यात जाऊ लागले. वासाचे खांब तिचे, बिनवासाचे माझे, कारण माझे हात स्वच्छ. मळेवाले बांधावर उभे राहून आमच्याकडे बघायचे. साठीचे, धिप्पाड, आणि बोलणं असं की कोबीलाही वाईट वाटावं. त्यांचा फवारणीचा पंप कायम ओसरीवर तयार असायचा, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना पंपवाले म्हणायचे. त्यांनी एक हंगाम फवारा थांबवायचं कबूल केलं होतं, तेही सुनेने चार महिने त्यांचे उंबरे झिजवल्यावर. अट एकच. आठ आठवड्यांत ही पद्धत चालते असं दिसलं पाहिजे. नाहीतर पंप.

आणि आठ आठवडे संपले.

शनिवारी सुनेने शेवटच्या पट्ट्या आणि पुड्या काढून आणल्या. रविवारी दुपारी ती टेबलाशी बसली होती, समोर कागद, आणि चेहरा असा की मी चहा न विचारताच ठेवला.

"काय झालं गं?"

"फरकच नाही, आई. पुडी लावा नाहीतर नका लावू, किडे तेवढेच येतात." तिने कागद माझ्याकडे सरकवला. "पहिले तीन आठवडे पुडीवाल्या पट्ट्यांवर तिप्पट आले. मला वाटलं जिंकलो. मग पुढचे पाच आठवडे दोन्हीकडे सारखेच. तीन आठवडे योगायोग म्हणता येतात, पाच नाही म्हणता येत. शुक्रवारी केंद्राच्या प्रमुख बाई मळ्यात येणार आहेत. त्या हे काम बंद करतील. आणि मळेवाले काका सोमवारी पंप काढतील. त्यांना दोष कसा देऊ?"

माझी सून रडणारी नाही. एकदा कपाटाचं दार बोटांवर आपटलं तेव्हाही फक्त "हं" म्हणाली होती. आज मात्र तिचा आवाज ओला होता, तशी मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले.

"पट्ट्यांचा रंग बदलला असेल," ती पुढे म्हणाली. "चौथ्या आठवड्यात नवा गठ्ठा उघडला होता."

रंग म्हटल्यावर मी जुनी पट्टी आणि नवी पट्टी खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी धरली. शाईच्या छटा ओळखण्यात माझं आयुष्य गेलंय. "रंग तोच आहे. एका केसाचाही फरक नाही. तू जरा पड. हे कागद माझ्याकडे राहू देत."

छापखान्यात शिशाचे अक्षरखिळे जुळवणारा एक जुळारी होता. त्याचं प्रूफ हातात आलं की मी सांगायचे, हा चहाला किती वाजता उठला होता. चुका कधीही पानभर सारख्या विखुरलेल्या नसतात. हात थकत गेला की वाढत जातात, चहा पिऊन आला की एकदम कमी होतात. चूक कुठे आहे यापेक्षा ती कुठे दाटली आहे हे बघायचं, हे मी माझ्या हाताखालच्या मुलींना शिकवलं होतं.

तर मी बिनवासाचे खांब एकापासून बारापर्यंत ओळीने लिहिले आणि प्रत्येकापुढे पाचही आठवड्यांचे आकडे मांडले. आणि बघते तर काय, आकडे उतरत होते. पहिल्या खांबावर खूप, दुसऱ्यावर थोडे कमी, सहाव्यापर्यंत येता येता अगदी बेताचे. सातव्यावर एकदम उडी. मग पुन्हा उतार, बारापर्यंत. पाचही आठवडे तसंच. जुळारी सहाव्या खांबानंतर चहाला उठला होता.

पण त्या ओळीत जुळारी कोण? पट्ट्या लावत कोण होतं? मी. आणि सहाव्या खांबानंतर मी काय करते? झाडाखाली एक उलटा क्रेट आहे, त्यावर बसते. पाणी पिते. पिशवीतून डबी काढते आणि गुडघ्यांना...

मी तशीच स्वयंपाकघरात गेले. सुनेची पुड्यांची हवाबंद पेटी कपाटावर होती. मी कधी तिला हात लावला नव्हता, नियमच होता तसा. आता झाकण उघडलं आणि नाक आत खुपसलं. मग पिशवीतली डबी उघडली आणि तिचा वास घेतला. मग पुन्हा पेटीचा.

तोच वास. आईशपथ, तोच.

मी क्रेटवर बसावं तशी तिथल्या स्टुलावर बसले. आठवड्यामागून आठवडे लक्ष ठेवून, चष्मा पुसून पुसून, मीच तिचं तीन वर्षांचं काम पाण्यात घातलं होतं. माझे हात स्वच्छ म्हणून तिने मला ते खांब दिले होते. आणि मी पाच आठवडे, एकेका पट्टीला, प्रेमाने, बाम लावत फिरले होते.

खोटं कशाला बोलू, पहिला विचार आला तो गप्प बसण्याचा. कोणाला कळणार होतं? काम बंद पडलं असतं, सुनेला दुसरं काम मिळालं असतं, आणि माझी चौतीस वर्षं डागाशिवाय राहिली असती. सवयीने मी पुन्हा चहा ठेवला, आणि हा विचार तो उकळेपर्यंत टिकला. मग मला माझीच इतकी लाज वाटली की मी गॅस बंद केला, चहा तसाच ठेवला आणि तिच्या खोलीचं दार वाजवलं.

तिने ऐकून घेतलं. डबीचा वास घेतला. पेटीचा घेतला. मग भिंतीला टेकून इतकी हसली, इतकी हसली, की शेवटी डोळ्यांतून पाणी आलं आणि मग ते हसण्याचं राहिलं नाही.

"म्हणजे वास चालतो," ती म्हणाली. "आई, वास चालतो! डबीतल्या बामावरसुद्धा येतात ते!"

"येतात. मग सांग शुक्रवारी."

ती एकदम गंभीर झाली. "नाही सांगणार."

"का?"

"काय सांगू? तीन वर्षं केंद्रात राबले, प्रयोग फसला, आणि खापर कोणावर फोडलं? सासूवर! अहो, सगळं केंद्र हसेल. प्रमुख बाई म्हणतील, बरं सोयीचं कारण शोधलंस. आणि लोकांनी तुमचं नाव घेऊन हसलेलं मला चालायचं नाही."

"मला चालेल."

"मला नाही." तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जशी मी छापखान्याच्या मालकाकडे एकदाच बघितली होती, जेव्हा त्याने माझ्या हाताखालच्या मुलीला सर्वांदेखत मूर्ख म्हटलं होतं. तेव्हा मला कळलं की ही पोर माझ्या बाजूने उभी आहे, तेही तिचं स्वतःचं बुडत असताना.  पण हट्टात मी तिच्यापेक्षा पंचवीस वर्षांनी थोरली आहे.

"बरं, नको सांगूस," मी म्हटलं. "पण बारा नव्या पट्ट्या दे. हातमोजे घालून तूच टांग, माझ्या ओळीच्या बारा खांबांवर, नव्या तारांना. पुडी नको. मी कशालाही शिवणार नाही."

मंगळवारी तिने पट्ट्या टांगल्या आणि केंद्रात गेली. मी मळेवाल्यांच्या ओसरीवर गेले. त्या दिवशी गुडघ्यांना बाम नव्हता, पायरी चढताना देव आठवले. पंपाशेजारी डबी ठेवली.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"बाम. या बारा खांबांपैकी कुठलेही तीन निवडा. त्यांवरच्या पट्टीच्या कडेला आणि तारेला बोटभर लावा. बाकीच्यांना हात लावू नका. कुठले तीन ते चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी खिशात ठेवा. मला सांगू नका, सुनेलाही नाही. शुक्रवारी मी पट्ट्या बघून तुम्हाला ते तीन खांब सांगते."

त्यांनी डबी उलटीसुलटी करून बघितली. "ताई, पट्टीचे गुडघे दुखतात का?"

"तुम्ही लावा तर. माझं चुकलं तर सोमवारी पंप मी स्वतः तुमच्या पाठीवर चढवीन."

"आणि बरोबर आलं तर?"

"तर तो पंप माळ्यावर टाका. मी शिडी धरते."

ते हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघितलं, दात चांगले होते.

तीन दिवस मी बाम लावला नाही. रात्री कूस बदलताना ओठ चावायचे, पण डबीकडे बघितलंसुद्धा नाही. तशी डबी होतीच कुठे? मळेवाल्यांकडे.

शुक्रवारी सकाळी भाजी भरायच्या शेडमध्ये सगळे जमले. प्रमुख बाई उंच, कडक इस्त्रीच्या, चष्मा साखळीला अडकवलेला. सुनेने आकडे सांगितले, पाच आठवडे फरक नाही हेही सांगितलं, आणि कारण मात्र गिळून टाकलं. "काही त्रुटी राहिली असावी," इतकंच. प्रमुख बाईंनी पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात मी उठून उभी राहिले.

"मला शुद्धिपत्र वाचायचं आहे."

सून कुजबुजली, "आई, बसा ना."

मी कागद उघडला. रात्री दहादा लिहून फाडला होता. "चौथ्या ते आठव्या आठवड्यातल्या बिनवासाच्या पट्ट्या, यांऐवजी बामाच्या पट्ट्या असे वाचावे. पट्ट्या लावणाऱ्या बाईच्या हाताला गुडघेदुखीचा बाम होता. बामात आणि पुडीत वास एकच आहे. तिला तो येत नव्हता, कारण सहा वर्षं ती त्याच वासात राहते. चूक संशोधनाची नाही, सुनेची नाही, चूक माझी आहे."

आवाज कापला नाही याचं मला आजही कौतुक वाटतं.

प्रमुख बाईंनी चष्मा नाकावर चढवला. "हा नुसता अंदाज झाला."

"अंदाज मी करत नाही. तपासते." मी त्यांना मळेवाल्यांच्या खिशातल्या चिठ्ठीची गोष्ट सांगितली. सुनेने तेव्हाच पहिल्यांदा ऐकली, तिचा हात तोंडावर गेला. बारा पट्ट्या काढून आणल्या, नंबरावर कागद तसेच. शेडमधल्या लांब टेबलावर मी त्या ओळीने मांडल्या, भिंग काढलं आणि मोजायला बसले. एक तास लागला.  बाहेर कुठेतरी नळ ठिबकत होता. नऊ पट्ट्यांवर पाच, सात, चार, असे. आणि उरलेल्या तिन्हींवर नुसता मजकूर दाटलेला, काने, विसर्ग, बाजूला अनुस्वारांची रांगोळी.

मी त्या तीन पट्ट्या बाजूला काढल्या आणि मागचे कागद सोलले. "चौथा, सातवा आणि अकरावा."

मळेवाल्यांनी चिठ्ठी काढली. वाचली. पुन्हा वाचली. मग मान खाली घालून म्हणाले, "चौथा, सातवा आणि बारावा."

सुनेने डोळे मिटले. प्रमुख बाई म्हणाल्या, "तीनपैकी दोन. वाईट नाही, पण..."

 बाराव्या पट्टीवर सहा किडे होते. सहा! मी दोनदा मोजले होते.

"चिठ्ठी चुकली आहे," मी म्हटलं.

"ताई, मी माझ्या हाताने बाम लावलाय."

"लावला असेल. पण मोजताना चुकलात. खांबांवर नंबर नाहीत, नंबर पट्टीच्या मागे आहेत. तुम्ही चालत चालत मोजलेत ना? चला, परत मोजा."

आम्ही सगळे बांधावरून निघालो, पुढे मळेवाले, मागे मी लंगडत. ते बोट दाखवत मोठ्याने मोजत होते. "...सात, आठ, नऊ, दहा..."

"थांबा," मी म्हटलं. "हा दहावा कुठला?"

ते थबकले. तो जुन्या मोटरचा खांब होता. आमचा नव्हताच. मोटर गेली त्याला वर्षं झाली, पण रोजच्या सवयीने त्यांनी तो मोजला होता. पुढचा त्यांचा बारावा म्हणजे आमचा अकरावा.

कोणी काही बोलायच्या आत प्रमुख बाई पुढे गेल्या. कडक इस्त्रीच्या त्या बाईंनी चिखलात पाय रोवून, साखळीचा चष्मा सावरत, अकराव्या खांबाच्या तारेला नाक लावलं. मग बाराव्याच्या. मग पुन्हा अकराव्याच्या.

"माझ्या वडिलांच्या खोलीला हाच वास यायचा," त्या म्हणाल्या, आणि सुनेकडे वळल्या. "पुढच्या हंगामासाठी किती खांब लागतील?"

 सुनेने माझा हात धरला, तोच हात, पाच आठवडे खोड्या करणारा, आणि इतका घट्ट दाबला की बोटं दुखली. मळेवाले डोकं खाजवत होते. मग त्यांनी खिशातून डबी काढून माझ्या हातात दिली. निम्मी रिकामी होती.

"तीन पट्ट्यांना एवढा लागला?" मी विचारलं.

"नाही. कंबर," ते म्हणाले. "आणि शिडी धरायला सोमवारी या. पंप जड आहे."

सोमवारी गेले. धरली.

दोन महिन्यांनी सूनबाईच्या अहवालाचं प्रूफ आलं. तिने ते माझ्यापुढे ठेवलं, लाल पेन ठेवलं आणि स्वतः उगाच खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालत राहिली. मी वाचत गेले. शेवटच्या पानावर शुद्धिपत्र होतं, चौकटीत. चौतीस वर्षांत शेकडो पुस्तकं माझ्या हातून गेली, पण एकातही माझं नाव छापलं गेलं नव्हतं. मुद्रितशोधकाचं नाव कोण छापतं? इथे ते होतं, पूर्ण, ठळक अक्षरांत, आणि पुढे 'निरीक्षक' असा हुद्दा. सासू हा शब्द कुठेही नव्हता. खाली एकच वाक्य होतं: ही चूक निरीक्षकांकडून झाली आणि ती त्यानीच शोधून काढली.

मी ते वाक्य दोनदा वाचलं. डोळे भरून आले होते, तरी नजर अडायची तिथे अडलीच.

"अगं," मी म्हटलं, "त्यांनीच. अनुस्वार राहिलाय."

ती पाण्याचा तांब्या तसाच धरून धावत आली. "अय्या! तोच कसा राहिला? आई, सॉरी, इतक्यांदा वाचलं मी..."

"तो नसला तर मान जातो," मी म्हटलं.

मग मी चष्मा पुसला, लाल पेन उचललं, आणि 'त्या'च्या डोक्यावर तो एवढासा ठिपका माझ्या हाताने दिला.